चर खणण्याआधी: गॅस वाहिनीच्या जोखमीचा पहिला आढावा

नैसर्गिक वायूची वाहिनी एकदा जमिनीखाली गेली की ती पुढची कित्येक दशके तिथेच राहते. तिची सुरक्षितता, तिचा खर्च आणि ती वेळेत पुरी होणे यांतले बरेचसे मात्र त्याआधीच, आखणी अजून नकाशावर असतानाच ठरून जाते. नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या पट्ट्यात, मुख्य वाहिनीपासून एका औद्योगिक वसाहतीकडे व वाटेतल्या दोन शहरांकडे जाणाऱ्या शाखा वाहिनीच्या व्यवहार्यता अहवालासाठी जोखमीचा पहिला आढावा घेण्याचे काम माझ्याकडे होते. त्या कामाची हकिगत तपशिलाने लिहावी असे बरेच दिवस मनात होते, कारण या टप्प्यावर काय करतात याबद्दल मराठीत फारसे लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही. गावांची, नदीची आणि कंपनीची नावे येथे दिलेली नाहीत.

वाहिनी अठरा इंची, आराखड्याचा दाब ९२ बार आणि लांबी शंभर किलोमीटरच्या आत, म्हणजे या व्यवसायाच्या मानाने काम मध्यम आकाराचे. पहिल्या बैठकीत माझ्यापुढे ठेवलेले जोखीम नोंदपत्रक आधीच्या एका प्रकल्पातून उचललेले होते. 'भूसंपादनास विलंब', 'परवानग्यांस विलंब', 'पोलादाच्या किमतीत वाढ', 'अतिवृष्टी' अशी त्यातली वाक्ये कोणत्याही वाहिनीला लागू पडली असती, आणि म्हणूनच या वाहिनीबद्दल ती काहीच सांगत नव्हती. त्या पत्रकातली एकही ओळ पुसायची नाही, पण प्रत्येक ओळीपुढे गट क्रमांक, साखळी क्रमांक (म्हणजे वाहिनीच्या सुरुवातीपासूनचे अंतर), महिना किंवा जबाबदार कार्यालय लिहिता येईपर्यंत ती नोंद पुरी झाली असे मानायचे नाही, हा नियम मी सुरुवातीलाच घालून घेतला.

या टप्प्याला इतके महत्त्व का, हे कायद्याच्या अंगाने पाहिले तर लगेच ध्यानात येते. आपल्याकडे अशा वाहिन्यांसाठी जमीन विकत घेतली जात नाही. १९६२ च्या पेट्रोलियम व खनिजे वाहिनी कायद्यानुसार जमिनीतील वापराचा हक्क तेवढा संपादित होतो आणि मालकी शेतकऱ्याकडेच राहते. कलम ३ ची अधिसूचना निघाल्यावर हरकतींसाठी एकवीस दिवस मिळतात, सक्षम प्राधिकारी सुनावणी घेतात, आणि एका वर्षाच्या आत कलम ६ ची घोषणा झाली नाही तर पहिली अधिसूचना निष्प्रभ होते. वापराच्या हक्काचा मोबदला म्हणून अधिसूचनेच्या तारखेच्या बाजारभावाच्या दहा टक्के आणि पीक, झाडे वगैरेंची भरपाई वेगळी मिळते. त्या बदल्यात त्या पट्ट्यात शेतकऱ्याला घर बांधता येत नाही, विहीर किंवा तळे खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. अधिसूचनेआधी आखणी चारशे मीटर सरकवायची तर नकाशावरची रेघ पुसून दुसरी ओढायची असते. अधिसूचनेनंतर तेच करायचे तर नव्या गटांसाठी सगळी प्रक्रिया पहिल्यापासून करावी लागते, आणि तोवर नळ्यांची मागणी नोंदवलेली असेल तर पोलादही चुकीच्या जाडीचे हाती येते.

नकाशांकडे वळण्याआधी मी देशातल्या पूर्वीच्या कामांची एक टाचणवही केली. गुहागर तालुक्यात अंजनवेलला दाभोळचे द्रवरूप वायूचे टर्मिनल २०१३ साली सुरू झाले, पण समुद्रातला लाटरोधक बांध अपुरा असल्यामुळे पुढे अनेक वर्षे पावसाळ्यात तिथे जहाजे लागू शकत नव्हती. टाक्या, यंत्रे, वाहिनी सगळे तयार असताना एका राहिलेल्या घटकामुळे अख्खे टर्मिनल वर्षातले काही महिने बंद ठेवावे लागे. तामिळनाडूतून जाणाऱ्या कोची–बंगळूर वाहिनीच्या बाबतीत शेतकऱ्यांच्या विरोधानंतर तिथल्या सरकारने २०१३ मध्ये वाहिनी महामार्गालगत नेण्यास सांगितले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निकाल फेब्रुवारी २०१६ मध्ये लागला. त्याच जाळ्यातली कोची–मंगळूर ही साडेचारशे किलोमीटरची वाहिनी जानेवारी २०२१ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली. या कामांत अडचण आली ती नळी, वेल्डिंग किंवा कॉम्प्रेसर यांच्यापाशी आली नाही. ती जमिनीपाशी, पाण्यापाशी आणि कोणाच्या कक्षेत न बसणाऱ्या एखाद्या जोडकामापाशी आली. माझ्या आढाव्याचा अर्ध्याहून अधिक वेळ मी त्याच तीन ठिकाणी द्यायचा ठरवला.

उपग्रहचित्रांवर तीन पर्यायी आखण्या काढल्या होत्या. पडद्यावर तिन्ही सारख्याच सुबक दिसत होत्या. मग आम्ही चालायला सुरुवात केली. सोबत सर्वेक्षक, जमीन विभागातले निवृत्त मंडळ अधिकारी आणि जवळच्या जुन्या वाहिनीवर गस्त घालणारे एक लाइनमन असत. या लाइनमन काकांचा मला सर्वांत जास्त उपयोग झाला, कारण वाहिनीला धोका कोणत्या दिशेने येतो हे ते रोज पाहत होते. 'मॅडम, गंज-बिंज मागाहून. आधी पोकलेनवाला कुठून येतोय ते बघा,' हे त्यांचे पहिल्या दिवसाचे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले होते. आणि ते अनुभवाला धरून होते. वाहिन्यांचे गंभीर अपघात जगभर पाहिले तर बाहेरच्या खोदकामाचा धक्का हे कारण पुन्हा पुन्हा समोर येते. बेल्जियममध्ये गिलांगियां येथे जुलै २००४ मध्ये चोवीस माणसे गेली, तिथेही बांधकामाच्या यंत्राने वाहिनीला आधी इजा झालेली होती आणि नळी फुटली ती नंतर.

आपल्या भागात हे खोदकाम कशासाठी होते? विहिरीसाठी, विहिरीवरून शेतापर्यंतच्या पाण्याच्या पाइपसाठी, आणि सर्वांत जास्त शेततळ्यासाठी. वाहिनीवर मातीचे आवरण साधारण एक मीटरचे असते, शेततळे त्याच्या दुपटी-तिपटीने खोल जाते. म्हणून चालताना आम्ही अस्तित्वातली शेततळी तर नोंदवलीच, पण कोणाचा अर्ज मंजूर होऊन पडला आहे, कोणी आखणी करून खुंट ठोकले आहेत, हेही कृषी सहायकांकडून गावोगाव विचारून घेतले. उपग्रहचित्रात ही माहिती कधीही दिसणार नव्हती. एका गावात तर आमच्या मध्यरेषेवरच पुढच्या हंगामात तीन शेततळी होणार होती. ज्याने कर्ज काढून तळ्याचा कागद घेऊन ठेवला आहे, त्या माणसाला अधिसूचना निघाल्यावर 'आता खोदता येणार नाही' असे सांगणे आणि त्याआधी आखणी बांधाच्या कडेने फिरवणे यांतला फरक पैशांत मोजण्यासारखा नाही. तिथे आम्ही आखणी फिरवली.

सातबाऱ्याचे काम कंटाळवाणे आहे, पण टाळण्यासारखे नाही. उताऱ्यावर एकाच आजोबांचे नाव, प्रत्यक्षात जमीन चार भावांनी तोंडी वाटून घेतलेली, त्यातला एक भाऊ पुण्याला आणि एका बहिणीचा हक्क नोंदलेलाच नाही, अशी खाती या पट्ट्यात मुबलक आहेत. भरपाईचा धनादेश कोणाच्या नावे काढायचा यावर तंटा झाला की ज्याचे पीक नळीखाली जाणार तो भाऊ यंत्र अडवतो, आणि तो तसे करतो याचा मला राग येत नाही, कारण नुकसान त्याचे होणार असते आणि पैसे भलत्याच नावावर निघण्याची भीती खरी असते. निवृत्त मंडळ अधिकारी साहेबांनी प्रत्येक गटाला तीन खुणांपैकी एक दिली: खाते सरळ, वाटणी तोंडी, वाद न्यायालयात. तिसऱ्या खुणेचे गट जिथे सलग आले तिथे पर्यायी आखणीचा विचार केला. तोंडी वाटणीचे गट जिथे जास्त होते तिथे अधिसूचनेच्या बरेच आधी फेरफाराची शिबिरे घ्यावीत अशी शिफारस लिहिली आणि त्यासाठी लागणारा वेळ वेळापत्रकात धरला.

अनेक गावांत लोकांनी विचारले की लाइन रस्त्याच्या कडेनेच का नेत नाही. प्रश्न अगदी रास्त आहे. मुंबई–नागपूर वाहिनीचा फार मोठा भाग समृद्धी महामार्गालगतच्या अरुंद पट्ट्यातून नेलेला आहे आणि त्यामुळे हजारो खातेदारांशी व्यवहार करण्याचे टळले. पण तो रस्ता नव्याने, बंदिस्त आणि सेवा पट्टा राखून आखलेला होता. आमच्या पट्ट्यातले राज्यमार्ग तसे नव्हते. त्यांच्या कडेला दुकाने, पेट्रोल पंप, मंगल कार्यालये उभी राहतात आणि पुढे रुंदीकरण आले की वाहिनी हलवावी लागते. ही कारणे मी गावातल्या बैठकीत सांगितली. सगळ्यांना ती पटली असे मी म्हणणार नाही, पण आपल्या प्रश्नाला उत्तर मिळाले एवढे तरी झाले.

नदीपाशी आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. पहिल्या आखणीत नदी ओलांडण्याची जागा जुन्या पुलाच्या खालच्या अंगाला होती, कारण तिथे पात्र अरुंद होते आणि दोन्ही काठांना रस्ता जवळ होता. प्रस्तावात दोन काठांवर जमिनीतले थर तपासण्यासाठी एकेक बोअर घेऊन एचडीडी, म्हणजे पात्राखालून आडवे छिद्र पाडून नळी ओढण्याची पद्धत सुचवलेली होती. आम्ही गेलो तेव्हा उन्हाळा होता. पुलाच्या मधल्या दोन खांबांचा पाया उघडा पडलेला दिसत होता, त्यावर जुन्या पाणरेषेचा पांढरा पट्टा होता आणि त्याखाली ओबडधोबड काँक्रीट, जे कधीकाळी वाळूत गाडलेले असणार. शेजारच्या दगडी घाटावर एक वयस्कर गृहस्थ बसले होते. त्यांना नदीबद्दल विचारले तेव्हा ते म्हणाले, 'ताई, आमच्या लहानपणी ही शेवटची पायरी वाळूत असायची. आता तिच्यावरून खाली उतरायला शिडी लागंल.' पायरीपासून पात्रापर्यंत टेप धरला तर अंतर दीड मीटरच्या वर भरले. खालच्या अंगाला वाळू उपशाचे खड्डे स्पष्ट दिसत होते.

पात्र पुरात किती खोल खरवडले जाईल याचा हिशेब आपल्याकडे बहुधा लेसीच्या सूत्राने करतात. पुराचा विसर्ग आणि तळाच्या गाळाचा कण या दोन गोष्टींवरून ते खोली देते. सूत्रात खोट नाही. पण वाळू उपसून तळ खाली जातो तसतसे पात्राचे मूळ रूपच बदलते, आणि आज मोजलेल्या तळाला धरून 'नळी इतकी खाली' असे ठरवले तर दहा वर्षांनी ती नळी किती खाली राहील हे त्या हिशेबातून कळत नाही. म्हणून मी दोन गोष्टी मागितल्या. एक, काठांबरोबर पात्रातही बोअर घ्यावेत, तेही पाणी उतरलेले असताना. आणि दोन, जुन्या पुलाच्या बांधकामाच्या नकाशातून त्या काळची तळपातळी शोधून काढावी. पात्रातल्या बोअरमध्ये वाळूखाली मोठ्या गोट्यांचा जाड थर लागला. एचडीडीला सर्वांत त्रासदायक जमीन हीच. गोटे सुटे असल्यामुळे छिद्र उभे राहत नाही, चिखलाचे द्रावण वाटेतच निसटते आणि नळी मध्येच अडकू शकते. काठावरचे बोअर मात्र छान मुरूम आणि त्याखाली खडक दाखवत होते. तेवढ्यावरच पद्धत ठरली असती तर हा थर ठेकेदाराला छिद्र पाडताना सापडला असता.

वरच्या अंगाला काही अंतरावर काळा पाषाण पात्रातच उघडा होता. तिथे वाळू नव्हती, म्हणून उपसाही नव्हता. पहिला विचार असा आला की तिथे उन्हाळ्यात खडकात चर फोडून काँक्रीटचे वेष्टन असलेली नळी बसवावी. पण त्याच्या खालीच कोल्हापूर पद्धतीचा बंधारा होता. ऑक्टोबरमध्ये फळ्या बसल्या की पाणी तुंबून त्या जागेपर्यंत चढते आणि उन्हाळा सरत येईपर्यंत ते शेतीला लागते. म्हणजे कोरड्या पात्राचे दिवस फार थोडे, आणि तेही शेतकऱ्यांच्या पाण्यावर अवलंबून. शेवटी त्या जागी अखंड पाषाणातून एचडीडी करण्याची शिफारस झाली. कठीण खडकात छिद्र पाडणे सावकाशीचे आणि महाग काम असते, पण त्यात पाणी, वाळू आणि पावसाळा या तिन्हींचा संबंध तुटतो, आणि खर्च किती वाढणार हे आधी सांगता येते.

यानंतर धोके ओळखण्याची बैठक, जिला सगळे हॅझिड म्हणतात, ती झाली. अशा बैठकीत मोठ्या पदावरचा माणूस आधी बोलला की बाकीचे मान डोलावतात, म्हणून बोलण्याचा क्रम उलटा ठेवला. आधी लाइनमन, मग सर्वेक्षक, मग जमीन विभाग, मग आराखडा करणारे आणि शेवटी प्रकल्पप्रमुख. शक्यतेला एक ते पाच, परिणामाला एक ते पाच आणि दोन्हींचा गुणाकार, ही पद्धत मी वापरली, पण गुणाकाराच्या क्रमाने यादी लावायला नकार दिला. वारंवार होणारी किरकोळ गोष्ट आणि क्वचितच होणारी पण माणसे मारणारी गोष्ट, दोन्हींचा गुणाकार पाचच येतो, आणि तो आकडा त्यांना शेजारी बसवतो. परिणाम पाच असलेली प्रत्येक नोंद, तिची शक्यता कितीही कमी असो, वेगळ्या पानावर घेऊन तिच्यावर वेगळी चर्चा केली.

त्या पानावरची पहिली नोंद एका शाळेची होती. दाबाखालच्या वायूची नळी पूर्ण फुटून वायू पेटला तर जीवघेणी उष्णता किती अंतरापर्यंत पोचेल याचे एक सोपे सूत्र आहे. नळीचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा, त्याला किलोपास्कलमधल्या दाबाच्या वर्गमुळाने आणि ०.००३१५ ने गुणायचे, की उत्तर मीटरमध्ये मिळते. ४५७ मिलिमीटर व्यास आणि ९,२०० किलोपास्कल दाब धरला तर १३८ मीटर येतात. जिल्हा परिषदेची शाळा आमच्या मध्यरेषेपासून साधारण साठ मीटरवर होती. नियमाने तिथे वाहिनी नेण्यास बंदी नव्हती, जाड नळी वापरून काम निभावता आले असते. पण शाळेतली मुले काही सेकंदांत दीडशे मीटर पळू शकत नाहीत, आणि शाळेच्या मागे मोकळे माळरान असताना हा धोका घेण्याचे कारण मला दिसत नव्हते. प्रकल्पप्रमुखांनी ते फार वेळ न लावता मान्य केले.

जाडीचा प्रश्न वस्त्यांच्या बाबतीत अधिक अवघड निघाला. वाहिनीच्या दोन्ही बाजूंना दोनशे मीटर आणि लांबीने १.६ किलोमीटर अशा पट्ट्यात राहती घरे किती, यावरून जागेचा वर्ग ठरतो. दहापर्यंत पहिला वर्ग, त्यावर पंचेचाळीसपर्यंत दुसरा, शेचाळीसपासून तिसरा, आणि बहुमजली इमारतींचा दाट भाग चौथा. पोलादाच्या ताकदीचा पहिल्या वर्गात ०.७२ हिस्सा वापरता येतो, दुसऱ्यात ०.६०, तिसऱ्यात ०.५० आणि चौथ्यात ०.४०. आमच्या एक्स-६५ या प्रतीच्या पोलादाच्या नळीला हिशेबाने पहिल्या वर्गात साडेसहा मिलिमीटर जाडी पुरत होती, तिसऱ्या वर्गात ती साडेनऊच्या जवळ जात होती. म्हणजे तितक्याच लांबीला चव्वेचाळीस टक्के जास्त पोलाद. शहराच्या अलीकडच्या एका गावात घरे मोजली तर तिशीच्या आसपास, सरळ दुसरा वर्ग. पण गावाबाहेरच्या शिवारात बिनशेती प्लॉटचे दगड रांगेने रोवलेले होते, त्यांना ताजा चुना लावलेला होता आणि रस्त्यावर विक्रीचा फलक होता. वाहिनी सुरू होईपर्यंत त्यातली निम्मी घरे उभी राहिली तरी वर्ग बदलणार होता. पुढे वर्ग बदलला तर एकतर दाब कमी करावा लागतो किंवा चालू वाहिनीतला तेवढा तुकडा बदलावा लागतो, आणि दोन्ही गोष्टी पहिल्या दिवशी जाड नळी घेण्यापेक्षा कितीतरी महाग पडतात. तिथे घरांच्या मोजणीऐवजी प्लॉटच्या मोजणीवरून वर्ग धरला. यावर खर्च विभागाशी बराच वाद झाला आणि तो वाद व्हायलाच हवा होता.

वाद चालू असताना नगरमचा उल्लेख आलाच. २७ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशातील पूर्व गोदावरी जिल्ह्यात त्या गावी वाहिनी फुटून पहाटे आग लागली आणि वीसहून अधिक माणसे मेली. गाव वाहिनीला अगदी लागून वाढलेले होते, आणि वायूबरोबर पाणी व इतर द्रव जात राहिल्याने नळी आतून गंजलेली होती. त्यातला दुसरा मुद्दा आमच्या आढाव्यात नव्याने लिहिला गेला. आमच्या वाहिनीत येणारा वायू मुख्य वाहिनीतला, कोरडा आणि प्रक्रिया केलेला असेल हे सगळ्यांनी गृहीत धरले होते. ते बरोबरच होते, पण गृहीतक म्हणून ते कुठे लिहिलेले नव्हते, आणि उद्या दुसऱ्या एखाद्या स्रोताचा वायू याच वाहिनीत सोडायचा ठरला तर आधी काय तपासायचे हेही लिहिलेले नव्हते. ती नोंद आम्ही जबाबदार पदासह घातली.

बाकीच्या तांत्रिक नोंदी लवकर आटोपल्या. ४०० केव्हीच्या वीजवाहिनीला काही किलोमीटर समांतर जावे लागत होते, तिथे नळीत वीज प्रवर्तित होते म्हणून भूसंपर्काची वेगळी योजना लागते. काळ्या मातीत ओल धरून राहते, ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, म्हणून नळीच्या वेष्टनाची निवड आणि गंजरोधक विद्युत संरक्षण यांसाठी मातीचा विद्युतरोध जागोजाग मोजावा लागतो. ही कामे कशी करायची ते माहीत आहे, वेळेवर करावी लागतात इतकेच.

वेळापत्रकाबद्दल मात्र मला सविस्तर सांगायचे आहे, कारण मोठमोठी सॉफ्टवेअर वापरूनही तिथेच डोळेझाक होते असे माझे मत आहे. नेहमीची रीत अशी की प्रत्येक कामाला कमीत कमी, बहुधा आणि जास्तीत जास्त किती दिवस लागतील ते लिहायचे, संगणकाकडून हजारो वेळा फासे टाकून घ्यायचे आणि ऐंशी टक्के खात्रीची तारीख काढायची. ही रीत चांगली आहे, पण ती महिन्याचे नाव विचारत नाही. आमच्या पट्ट्यात वन विभागाची परवानगी मार्चऐवजी एप्रिलमध्ये आली तर एक महिना जातो. एप्रिलऐवजी मे अखेरीस आली तर पावसाळा लागतो, काळ्या रानात यंत्र उतरत नाही, आणि काम ऑक्टोबरच्या पुढेच सुरू होते. उशीर एका महिन्याचा आणि नुकसान पाच महिन्यांचे. कालव्याचे तसेच. कालवा उघड्या चराने ओलांडायचा तर दोन आवर्तनांच्या मधल्या दिवसांतच, आणि आवर्तनाच्या तारखा धरणातल्या पाण्यावर ठरतात. उसाचे तर आणखी निराळे. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लागला की तो दीड वर्ष शेतात उभा असतो, आणि तोडणीला आलेल्या उसातून पट्टा काढणे म्हणजे सर्वांत जास्त भरपाई आणि सर्वांत जास्त मनस्ताप.

म्हणून मी आधी भिंतीवर बारा महिन्यांचा एक मोठा तक्ता केला. वर महिने, डावीकडे साखळी क्रमांक, आणि प्रत्येक तुकड्यासमोर तिथे काम होऊ शकणारे महिने हिरवे. कालव्याच्या ठिकाणी हिरवे चौकोन अगदी थोडे होते, वनजमिनीच्या तुकड्यात परवानगी येईपर्यंत एकही नव्हता. त्या तक्त्यावरून कामाची दिशाच बदलली. मूळ योजनेत मुख्य वाहिनीच्या टोकापासून सरळ पुढे जायचे होते. आता कालवा आणि उसाचा पट्टा आधी, माळरान मध्ये, आणि वनजमिनीचा तुकडा परवानगीच्या सर्वांत उशिराच्या तारखेलाही कोरड्या हंगामात येईल असा ठेवला. त्यानंतरच संगणकाला फासे टाकू दिले, आणि त्यात पावसाळा ही सरासरीत मिसळलेली गोष्ट न ठेवता बंद महिने म्हणून घातला. ऐंशी टक्के खात्रीची तारीख आधीच्या आकड्यापेक्षा बरीच पुढे गेली. ती कोणालाच आवडली नाही, पण खोडताही आली नाही, कारण तक्ता भिंतीवरच होता.

खर्चाच्या तरतुदीवर शेवटची मोठी बैठक झाली. इतक्या आरंभीच्या टप्प्यातला अंदाज किती सैल असतो हे या क्षेत्रात सर्वमान्य आहे. सर्वांत प्राथमिक वर्गाचा अंदाज खालच्या बाजूला वीस ते पन्नास टक्के आणि वरच्या बाजूला तीस ते शंभर टक्के इतका चुकू शकतो असे मानतात. तरीही संचालकांपुढे एकच आकडा ठेवायची सवय असते, आणि त्यावर सरसकट दहा टक्के आकस्मिक खर्च. मी सरसकट टक्केवारीऐवजी नदी, वनजमीन, जाड नळीचे तुकडे आणि तोंडी वाटणीचे गट अशी चार नावे देऊन तरतूद मागितली, आणि प्रत्येकीपुढे ती कधी परत देता येईल ते लिहिले. पाषाणातले छिद्र सुरळीत पार पडले की नदीची उरलेली रक्कम परत. या मांडणीने तरतूद एकूणात वाढली, पण मंजूर झाली.

ग्राहकांच्या बाजूची जोखीम माझ्या कक्षेत नव्हती, तरी एक पान मी त्यावर जोडले. २०२२ मध्ये वायूचे भाव चढले तेव्हा गुजरातेत मोरबीच्या सिरॅमिक कारखान्यांनी मोठ्या प्रमाणावर प्रोपेन वापरायला सुरुवात केली. आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या मोठ्या भट्ट्यांनाही तसे करता येणार होते. नळीचा व्यास त्यांच्या पूर्ण मागणीवर ठरवायचा की शहरांच्या खात्रीच्या मागणीवर, हा निर्णय वाणिज्य विभागाने घ्यावा आणि तो नळ्यांची मागणी नोंदवण्याआधी घ्यावा, एवढेच त्या पानावर म्हटले होते.

आढावा आराखड्याच्या गटाकडे सोपवला तेव्हा त्यात बारा नोंदी उघड्या होत्या. प्रत्येकीपुढे जबाबदार पद आणि तारीख होती. सर्वांत जवळची तारीख दुसऱ्या, लहान नदीच्या पात्रातल्या बोअरची होती, कारण बंधाऱ्याच्या फळ्या बसायच्या आत ते उरकायला हवे होते. त्यासाठी जलसंपदा विभागाच्या उपविभागीय कार्यालयाला द्यायचे पत्र मी त्याच दिवशी लिहून अहवालासोबत जोडले.